नियम, विवेक आणि अधिक महिना

किर्लोस्करवाडीहून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. पुढे नावातली ‘खबर’ गळली आणि नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. मग मासिक एकच राहिले, की दोन झाली? मेहकर तालुक्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात जुने खंड लावताना हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहतो. दिसायला तो कपाटाचा आहे. मला तो धर्माचा वाटतो. नियम कुठवर पाळावा आणि आपला विवेक कुठे वापरावा?

तालिकीकरणाचा आजचा नियम सांगतो की मुख्य नाव बदलले की नवी नोंद करावी आणि दोन्ही नोंदी एकमेकींना जोडाव्यात. 1967 च्या अँग्लो-अमेरिकन संहितेआधी अमेरिकेत याच्या उलट चालत असे, सगळे खंड शेवटच्या नावाखाली येत. वस्तू तीच की नवी, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. ‘तो हाच देवदत्त’ अशी ओळख पटते, म्हणून वस्तू तीच, असे नैयायिक म्हणतात. बौद्ध म्हणतात, दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते; सारखेपणामुळे आपण तिला एक समजतो. मी तालिकेत बौद्धांचे ऐकते आणि कपाटात नैयायिकांचे. दूरगावचा अभ्यासक एखाद्या तळटीपेतले ‘किर्लोस्कर खबर’ हेच नाव घेऊन येईल, त्याला ते नाव तालिकेत सापडले पाहिजे. समोर बसलेल्या वाचकाला मात्र वर्षांमागून वर्षे सलग वाचायची असतात, म्हणून खंड एका रांगेत.

खरी कसोटी दिवाळी अंकांची. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाची आठवण दिवाळीला बांधली गेली आहे. नियतकालिकांच्या नोंदपत्रकावर महिन्यांचे बारा रकाने असतात, पण दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. सोयाबीन घरात आल्यावर वाचायला सवड काढणारा आमचा वाचक खंड-क्रमांक सांगत नाही, ‘त्या सालचा दिवाळी’ म्हणतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या 1931 च्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवायला सांगते. म्हणून आम्ही दिवाळी अंक सालवार वेगळे लावतो. मूळ मासिकाच्या पत्रकावर त्या महिन्याच्या रकान्यात ‘दिवाळी अंक, स्वतंत्र कपाट’ असे लिहितो, आणि असे का केले तेही पहिल्या पानावर लिहून ठेवतो.

हे लिहून ठेवणे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. पंचांगही हेच शिकवते. 2023 ची दिवाळी लांबली ती अधिक श्रावणामुळे. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, सौर वर्ष 365 चे. मधली तूट साठत गेली तर सणांचे ऋतू सुटतील, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्त धरतात. पंचांगकर्त्यांनी बारा महिन्यांचा नियम मोडला नाही आणि आंधळेपणाने ताणलाही नाही. त्यांनी अपवादाला नाव दिले, त्याची जागा ठरवली, आणि तो सर्वांना आधी सांगितला. प्रत्येक गावाने आपापल्या मनाने महिना वाढवला असता, तर शेगावची वारी आषाढीला पंढरपुरात कशी पोहोचली असती?

मीमांसकही उत्सर्ग आणि अपवाद असाच भेद करतात. अपवादाने नियम खोटा ठरत नाही, त्याची हद्द कळते. पण हद्द आखायची तर ती दिसली पाहिजे. ग्रंथपालाच्या डोक्यातच राहिलेला विवेक त्याच्या निवृत्तीबरोबर संपतो, आणि मागून येणाऱ्याला ती मनमानी वाटते. न पाहिलेल्या वाचकाशी आपण नियमाने बांधलेले असतो, समोरच्याशी विवेकाने. दोघांचेही देणे फेडायचे असेल, तर आपण केलेला प्रत्येक अपवाद कारणासह नोंदवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे.