शिट्टी कुणाच्या तोंडात होती?

कोल्हापुरात मी एकवीस वर्षं फुटबॉलचा पंच होतो. दोन पेठांच्या तालमींचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर श्वास घ्यायला जागा उरत नाही. अशाच एका उपांत्य सामन्यात, शेवटची पाच मिनिटं उरली असताना, मी पेनल्टी दिली. बचावातल्या पोराच्या हाताला चेंडू लागला असं मला वाटलं. शिट्टी वाजली आणि लगेच शंका आली, कारण त्याच्या जर्सीवर, बरोबर छातीवर, तांबड्या मातीचा गोल डाग उमटला होता. लाइन्समनला विचारायचं तर वीस पावलं चालावं लागणार होतं. लोक उसळले होते. मी चाललो नाही. पेनल्टीवर गोल झाला आणि त्या पोराचा संघ स्पर्धेबाहेर गेला.

रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "जाऊ दे, देवाच्याच मनात होतं." आई माळकरी, पंढरीची वारी कधी न चुकवलेली. भाकरी वाढता वाढता ती थांबली. "शिट्टी तुझ्या तोंडात हुती न्हवं? मग देवाला कशाला मधी वडतोस?"

तो घास माझ्या घशाखाली उतरला नाही. आईचा तो प्रश्न मी फुटबॉलच्या सगळ्यात गाजलेल्या चुकीला लावून पाहत आलो आहे.

२२ जून १९८६. मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. ५१व्या मिनिटाला चेंडू उंच उडाला, गोलरक्षक पीटर शिल्टन पुढे आला, त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका दिएगो मॅराडोना उडाला आणि डाव्या मुठीनं चेंडू जाळ्यात गेला. ट्युनिशियाचे पंच अली बेनासर यांना हात दिसला नाही. त्यांनी बल्गेरियाचे लाइन्समन बोग्दान दोचेव यांच्याकडे पाहिलं. निशाण वर गेलं नव्हतं. सहकारी अधिक चांगल्या जागी असेल तर त्याचं मत मानावं अशी सूचना होती, असं बेनासर यांनी पुढे सांगितलं. गोल दिला गेला. सामन्यानंतर मॅराडोना म्हणाला, की थोडं त्याचं डोकं होतं आणि थोडा देवाचा हात.

जगाला हे बोलणं गोड वाटलं. माझ्यासारख्या माळकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ते टोचतं. आमच्याकडेही 'कर्ता-करविता तोच' म्हणतात. पण कधी म्हणतात? घर उभं राहिलं, लेकीचं लग्न पार पडलं, वारी सुखरूप घरी आली, की म्हणतात. हे वाक्य श्रेय खाली ठेवण्यासाठी आहे. कुणाचं उसनं बुडवलं किंवा बांध कोरला, तर तिथं हे वाक्य म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही. उचललीच तर गाव त्याला ढोंगी म्हणतं.

यावर तर्कानं विचारणारा विचारेल: सगळं तोच करतो तर दोषही त्याचाच नको का? प्रश्न रास्त आहे. मला सुचतं ते उत्तर असं. 'कर्ता तो' हा जगाचा हिशेब नव्हे, ते औषध आहे, आणि ते अहंकाराच्या रोगावरचं आहे. 'मी केलं' म्हणून फुगलेल्या माणसानं ते घ्यावं. 'मी केलं' हे सांगायला घाबरणाऱ्यानं घेतलं, तर तेच औषध त्याचा रोग वाढवतं. गीतेतही अर्जुनाला फळाची आस सोडायला सांगितली. बाण त्याच्या हातून सुटलाच नाही, असं मात्र कुणी सांगितलं नाही.

अझ्टेकात पंचाची चूक झाली, पण ती नजरेची चूक. खरं काय ते पहिल्या क्षणापासून ज्याला ठाऊक होतं तो माणूस हात उंचावून धावत होता. जगाचा राग मात्र पंच आणि लाइन्समन या दोघांवरही निघाला. त्याच सामन्यात चारच मिनिटांनी मॅराडोना आपल्या अर्ध्यातून निघून एकामागून एक इंग्लिश खेळाडूंना चकवत गेला. त्याला वाटेत पाडायचा प्रयत्न होत असताना बेनासर यांनी शिट्टी रोखून धरली, खेळ चालू ठेवला, म्हणून तो गोल झाला. पुढे फिफाच्या मतदानात तोच शतकातला सर्वोत्तम गोल ठरला. त्या न वाजलेल्या शिट्टीचं श्रेय पंचाला किती जण देतात?

आता पंचांच्या मदतीला यंत्रं आली. विश्वचषकातही २०१८पासून व्हिडिओ पाहणारे पंच खोलीत बसतात. तरीही ३० सप्टेंबर २०२३ला लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा चोख गोल बाद झाला. खोलीतल्यांना चित्र बरोबर दिसलं होतं. मैदानावर गोल दिलेलाच आहे अशा समजुतीत त्यांनी तपासणी संपल्याचं कळवलं, आणि चूक कळेपर्यंत खेळ सुरू झाला होता. काय घडलं ते कॅमेरा दाखवतो. 'हे माझ्याकडून झालं' हे वाक्य माणसालाच म्हणावं लागतं.

ते म्हणणारे आहेत. सप्टेंबर २०१२मध्ये नेपल्सच्या मैदानावर लाझिओच्या मिरोस्लाव क्लोझेचा गोल पंचांनी दिला. त्यानं स्वतः जाऊन सांगितलं, हाताला लागून गेला. गोल रद्द झाला. लाझिओ तो सामना ३-०नं हरला. धर्म पाळला म्हणून फळ मिळालं नाही. तरी धर्म धर्मच राहिला.

आणि मॅराडोनावर अन्याय नको. २०००मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यानंच लिहिलं, की तो हात देवाचा नव्हता, दिएगोचा होता. २०१५मध्ये तो ट्युनिशियात बेनासर यांच्या घरी गेला आणि त्यांना जर्सी भेट दिली. कबुलीला चौदा वर्षं लागली, पण देवावर टाकलेलं ओझं त्यानं परत आपल्या खांद्यावर घेतलं. मला त्याच्या दोन्ही गोलांपेक्षा हे मोठं वाटतं.

आईनं विचारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पोराच्या तालमीत गेलो. दहा-बारा जण बसले होते. सगळ्यांसमोर म्हणालो, "हात नव्हता. चूक माझी." कुणी काही बोललं नाही. तो पोरगा बुटाची नाडी सोडत होता, मान वर न करता म्हणाला, "सर, लाइनीवरच्याला इचारायचं की ओ."

निकाल बदलला नाही. त्यानंतर आठ वर्षं मी पंचगिरी केली. शंका आली की लोक कितीही ओरडोत, लाइन्समनपर्यंत ती वीस पावलं मी चालत गेलो.