गोतातली माया, शेजारचा विस्तव

इंग्रजीतले 'काइंड' आणि 'किंडल' हे शब्द शेजारी शेजारी वाचले की ही सख्खी भावंडं असणार असं कुणालाही वाटावं. एकाचा अर्थ दयाळू, दुसऱ्याचा आग पेटवणं. दया म्हणजे ऊब, ऊब म्हणजे आग, तेव्हा आत काहीतरी पेटल्याशिवाय माणूस दयाळू होत नाही, असं प्रवचनही लगेच तयार होतं. व्यासपीठावर ते छान खपतं. फक्त त्याला आधार नाही.

'किंडल' हा इंग्लंडमध्ये बाहेरून आलेला शब्द. नवव्या शतकापासून व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन स्थायिक झाले आणि त्यांची नॉर्स बोली इंग्रजीत मुरली. एग, नाइफ, स्काय, विंडो, हजबंड हे आज अस्सल इंग्रजी वाटणारे शब्द त्यांचेच. आग पेटवणं या अर्थाचं त्यांचं क्रियापद होतं 'क्युंदा'. इसवी सन १२०० च्या सुमारास त्याला इंग्रजी वळणाचं शेपूट लागून 'किंडल' झालं. चूल पेटवताना खाली घालतात त्या बारीक काटक्यांना इंग्रजीत आजही 'किंडलिंग' म्हणतात. आपल्याकडचं चिपाड किंवा ढलपी.

'काइंड' मात्र घरचा. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार काहीसा 'येक्युंदे' असा होता आणि अर्थ होता उपजत, जन्मानं आलेलं, स्वाभाविक. त्याच्या मागे 'किन' म्हणजे गोत, आणि गोताच्याही मागे जन्म देणं या अर्थाचा एक फार जुना धातू. संस्कृतात तोच 'जन्' झाला. 'ज' कुठे आणि 'क' कुठे, असं वाटेल. पण शाळेत स्पेलिंग घोकताना ज्यानं सगळ्यांना छळलं त्या मुक्या 'के'ला इथं साक्षीला बोलवावं. गुडघ्याला इंग्रजीत 'नी' म्हणतात आणि लिहिताना पुढे एक 'के' लावतात. संस्कृतात गुडघा म्हणजे जानु. माहीत असणं म्हणजे 'नो', त्यालाही तोच 'के', आणि संस्कृतात ज्ञा. हा 'के' पूर्वी चांगला बोलला जायचा. मूळच्या 'ग'सारख्या ध्वनीचा जर्मन कुळातल्या भाषांत नियमानं 'क' होतो, हे याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडलं. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला तो हाच. संस्कृतानं त्याच ध्वनीचा 'ज' केला. म्हणून तिकडे किन आणि काइंड, इकडे जन, जन्म आणि जाती. जर्मनमध्ये मूल म्हणजे 'किंड', तेही याच घरातलं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलनं १८४० मध्ये मुलांच्या बागेला 'किंडरगार्टन' म्हटलं, तेव्हापासून ते आपल्या गल्लीबोळांतही पोचलं आहे.

थोडक्यात, 'काइंड' ही आपल्या 'जात' या शब्दाची बहीण आहे. अर्थातही खूण राहिली आहे. हापूस ही आंब्याची एक जात, असं आपण म्हणतो तिथं इंग्रज नेमका 'काइंड' वापरतो.

मग जातीची दया कशी झाली? आधी 'काइंड' म्हणजे आपल्या जन्माला शोभेल असं. आईला पोराबद्दल वाटतं, भावाला भावाबद्दल वाटतं ते. इसवी सन १३०० च्या सुमाराला 'भलं चिंतणारा' हा अर्थ रुळलेला दिसतो, पण जुना अर्थ लगेच मेला नाही. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात जमिनीच्या फळांनाही 'काइंडली' म्हटलं आहे. फळं काही दयाळू नसतात. ती आपापल्या जातीची, आपापल्या हंगामाची असतात, एवढंच तिथं सांगायचं आहे. याच हिशेबानं 'अनकाइंड' म्हणजे नुसता कठोर नव्हे, तर निसर्गाच्या उलट वागणारा. शेक्सपिअरच्या नाटकातल्या लिअर राजाच्या मुली अनकाइंड ठरतात त्या या दुहेरी अर्थानं.

म्हणजे मूळ कल्पना 'आपला तो बाब्या' हीच होती. परका यात कुठेच नव्हता.

लॅटिनच्या वाटेनं इंग्रजीत आलेले 'जेंटल' आणि 'जेनरस' हेही याच धातूचे. एकाचा पहिला अर्थ एकाच कुळातला, दुसऱ्याचा चांगल्या घराण्यात जन्मलेला. पुढे एक सौम्य झाला, दुसरा उदार. सद्गुणांची नावं ज्यांनी ठेवली ते वाड्यात राहणारे असावेत, असा संशय मला इथं येतो. आपल्याकडचे कुलीन आणि खानदानी याच माळेतले. 'सौजन्य' आणि 'सज्जन' मात्र थोडे निराळे. त्यांच्यातला 'जन' त्याच मुळाचा, पण चांगुलपणा त्याच्यात आपोआप येत नाही. तो 'सु' किंवा 'सत्' लावून वर घालावा लागतो, आणि 'दुर्' लावून काढूनही घेता येतो. मला हा हिशेब जास्त प्रामाणिक वाटतो.

आणि मराठीनं तर गोताबद्दलचा आपला अनुभव एका शब्दात लिहून ठेवला आहे. इंग्रजांनी गोतापासून दया काढली. आपण भाऊबंदांपासून भाऊबंदकी काढली. नातं सांगणारा शब्द, आणि अर्थ बांधावरून, वाटणीवरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारं वैर! ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि त्या कटाचं बोट काका रघुनाथरावाकडे गेलं. खाडिलकरांनी त्या प्रकरणावर १९०९ मध्ये नाटक लिहिलं, त्याचं नाव 'भाऊबंदकी'. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये डेन्मार्कच्या राजवाड्यातही पुतण्या आणि काकाच समोरासमोर आहेत. हॅम्लेट रंगमंचावर तोंड उघडतो तोच 'किन' आणि 'काइंड' हे दोन शब्द एकमेकांवर आपटून. शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला या दोन शब्दांचं रक्ताचं नातं ऐकू येत होतं, म्हणून ती कोटी त्याला झोंबली असणार. आजच्या इंग्रजाला ती तळटीप देऊन समजवावी लागते, कारण मधल्या काळात 'काइंड' गोतातून सुटला आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही पुरू लागला.

आगीच्या 'किंडल'लाही इंग्रजीत एक जुळा भेटला. 'काइंड'वरूनच झालेला आणखी एक 'किंडल' होता, अर्थ पिल्लं घालणं. ससे पाळणारे आजही ससीण व्याली की हाच शब्द वापरतात. दोन्ही किंडल एकमेकांत मिसळले आणि आगीच्या शब्दाला जन्म देण्याची छटा चिकटली. तिकडे हा अपघात होता. ऋग्वेदात मात्र ही कल्पना जाणूनबुजून आहे. तिसऱ्या मंडलातल्या एका सूक्तात दोन अरणींच्या लाकडात अग्नी गर्भासारखा दडलेला आहे आणि मंथनानं तो जन्माला येतो. अग्नीच्या 'जातवेद' या नावातला 'जात' पुन्हा त्याच 'जन्'चा.

तरीही आग आणि दया यांचा खरा संबंध शब्दांत शोधण्यात अर्थ नाही. तो व्यवहारात आहे. काडेपेटी महाग होती तेव्हा खेड्यात शेजारणीकडून विस्तव आणायची पद्धत होती. गोवरीच्या तुकड्यावर निखारा घ्यायचा, वारा लागू नये म्हणून पदराचा आडोसा धरायचा आणि लगबगीनं घर गाठायचं. देणारीच्या चुलीतलं काही कमी होत नसे. रोमन विचारवंत सिसेरोनं इसवी सन पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात हाच दाखला आहे. वाहतं पाणी कुणाला नाकारू नये, मागेल त्याला आपल्या आगीतून आग घेऊ द्यावी, अडलेल्याला नीट सल्ला द्यावा. परक्याला एवढं तरी देणं लागतो, कारण देऊन आपलं सरत नाही. पुढे मात्र सिसेरो सांभाळून घेतो: मागणाऱ्यांना अंत नसतो, तेव्हा आपल्या माणसांसाठी हात सैल सोडता येईल एवढं राखून ठेवावं. एवढा मोठा विचारवंत, पण फिरून गोतावरच आला.

पाणी आणि आग ही जोडी रोमच्या कायद्यातही होती, पण उलट्या बाजूनं. एखाद्याला हद्दपार करायचं तर त्याला पाणी आणि आग बंद केल्याचं जाहीर करत. आपल्याकडे दलितांना पाणी तर जन्मावरूनच नाकारलेलं होतं. महाडचं चवदार तळं वाहतं नव्हतं, पण सार्वजनिक होतं, आणि तरीही तिथलं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला. ज्यांना जातीत धरलं होतं त्यांनाही धाक होताच, वाळीत टाकण्याचा. परक्याला कुणी वाळीत टाकत नाही. ती शिक्षा गोतातल्यांनी गोतातल्यालाच द्यायची. आंतरजातीय लग्न केलं किंवा पंचांचा दंड भरला नाही की घरावर बहिष्कार पडायचा, लग्नामर्तिकालाही कुणी यायचं नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला.