लष्कराच्या भाकऱ्या

लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या माणसाविषयी मराठी भाषेने फार कठोर भूमिका घेतली आहे. भाजणाऱ्याला मूर्ख ठरवून ती मोकळी झाली. खाणाऱ्या लष्कराबद्दल मात्र तिने अवाक्षर काढलेले नाही. भाकरी करपली तर लष्कराने ओरडावे का? आणि भाजणाऱ्याला मध्येच कंटाळा आला तर त्याने तवा उतरवावा की नाही? हे प्रश्न मला पडण्याचे कारण आमचा भाचा.

भाचा डाळजला असतो. पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण मागे पडले की उजनीच्या पाण्याच्या बाजूला हे गाव लागते. तेही एक नव्हे. डाळज नंबर 1, नंबर 2 आणि नंबर 3. गावालाच आवृत्ती क्रमांक असल्यावर तिथल्या मुलाने हा धंदा धरावा यात नवल नाही. धंदा म्हणजे ज्यात पैसे मिळत नाहीत तो. पोटासाठी तो एका कंपनीचे काम घरी बसून करतो. रात्री जेवणे आटोपली की ‘डेबियन’चे करतो.

डेबियन ही संगणक चालवणारी प्रणाली. विंडोजसारखीच, पण फुकट, आणि आतली शिवण सगळ्यांना उघडी; कुणीही पाहावी, कुणीही बदलावी. 1993 साली इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने ती सुरू केली आणि मैत्रिणीचे, डेब्राचे, नाव आधी व स्वतःचे मागून जोडून तिचे बारसे केले. (एवढ्यावरूनच माणूस सज्जन असावा.) 2023 च्या आवृत्तीत 64 हजारांहून जास्त पॅकेजेस होती. त्यातले बहुतेक प्रोग्रॅम जगाच्या पाठीवर दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेले. डेबियनची माणसे ते आणतात, तपासतात, बाकीच्यांशी त्यांचे पटते का बघतात आणि पुडकी बांधून ठेवतात. लिहिणारा एक, वापरणारा दुसरा आणि मधला हा तिऱ्हाईत. अशी तीन पुडकी आमच्या भाच्याकडे आहेत.

मूळ लेखकाला ही मंडळी ‘अपस्ट्रीम’ म्हणतात, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाचा. डाळजच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पुण्याने मुळा-मुठेत जे जे सोडले ते भीमेतून उजनीत उतरते. वरच्याने काय सोडावे, यावर खालच्याचा इलाज नाही. वरून नवी आवृत्ती आली की भाचा ती गाळून घेतो. वरच्याने एखादे भोक बुजवले असेल तर काम आणखी किचकट. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना सगळे नवे द्यायचे नसते. नव्यातले तेवढेच ठिगळ उसवायचे आणि दोन वर्षे जुन्या कापडावर बेमालूम शिवायचे. ‘पॅच’ हाच त्यांचा शब्द.

“त्यापेक्षा लोक नवीनच का घेत नाहीत?” असे बहिणीने एकदा विचारले. भाच्याने तिच्याकडे असे पाहिले, की तिने पुन्हा विचारले नाही.

मध्यंतरी परदेशातल्या कुणा गृहस्थाचे पत्र आले. तुमच्या निष्काळजीपणापायी माझा रविवार वाया गेला, असे. भाच्याचा तर शनिवारही गेला होता. मी म्हटले, “लिही त्याला, पैसे परत मिळतील म्हणून!”

“मामा, तसं नाही. पुडकं बिघडलं होतंच. त्यांचं बरोबर आहे.”

आता परवान्यात स्वच्छ लिहिलेले असते, की या वस्तूची कसलीही हमी नाही. पण फुकटच्या भाकरीतला खडाही दात पाडतोच. ज्याचा दात पडला त्याने कुठे ओरडायचे? मला वाटते, खड्याविषयी ओरडावे. भाजणाऱ्याच्या आईबापांविषयी ओरडू नये. लष्कराला एवढा फरक कळला तरी पुष्कळ झाले.

तर भाच्याला आता तिनातले एक पुडके सोडायचे आहे. घरात बाळ आले आहे, झोप होत नाही. बहीण म्हणते, घेतलेला वसा टाकू नये. डेबियनची घटना मात्र उलट सांगते. 1998 साली त्यांनी ती केली आणि त्यात चक्क लिहून ठेवले, की कुणावरही काम करण्याचे बंधन नाही. फक्त नियमांच्या आणि रीतसर निर्णयांच्या आड येऊ नका. सोडलेल्या पुडक्याला ते ‘अनाथ’ म्हणतात आणि घेणारा ते ‘दत्तक’ घेतो. तशी यादीच असते. मला हे फार आवडले. आपल्याकडे मंडळाचा खजिनदार काम करीत नाही आणि पदही सोडत नाही. हिशेबाची वही त्याच्या माळ्यावरच म्हातारी होते. भाकरी भाजण्याची सक्ती नसावी हे मला मान्य आहे. पण तवा उतरवण्याआधी हाक मारण्याची सक्ती असावी.

फक्त हाकेला ओ कोण देतो, हाही प्रश्न आहेच.

‘एक्सझेड’ नावाचा, फायली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम आहे. फिनलंडचे लासे कॉलिन तो वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळत होते, तेही फुकट. 2022 च्या सुमाराला ते थकले होते, आणि काही जण त्यांना टोचत होते: इतका उशीर का, झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या. दुसरा तयारच होता. जिया टान. 2021 पासून गुणी मुलासारखी ठिगळे लावत होता. हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती आल्या, आणि 2024 साली त्याने संगणकाला चोरदार पाडले. ते डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोचलेही. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे वाटले, त्याने मूळ खणून काढले आणि 29 मार्चला जगाला सांगितले, म्हणून निभावले. जिया टान खरा कोण, ते आजवर उघड झालेले नाही. ते टोचणारेही बहुधा त्याच्याच गोटातले असावेत, असा अभ्यासकांचा संशय आहे.

भाच्याने पुडके यादीत टाकले. आठवड्यातच एका अनोळखी माणसाचे पत्र आले: मी घेतो.

“कसा आहे माणूस?” बहिणीने विचारले.

“टाके सुबक घालतो.”

“त्या जियाचेही सुबकच होते म्हणालास ना?”

भाचा गप्प. बाळ रडायला लागले तसे त्याने त्याला मांडीवर घेतले, आणि एका हाताने त्या माणसाचे जुने टाके पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतले. याला तीन महिने झाले. पुडके अजून डाळज नंबर 2 मध्येच आहे.