मोहोरबंद ठेवीचा धर्म

संगणकावर एखादा मजकूर कॉपी करणे आणि तो दुसरीकडे पेस्ट करणे या दोन क्रियांच्या मधल्या अवकाशात तो मजकूर कोणाच्या ताब्यात असतो, हा प्रश्न वरवर यांत्रिक दिसला तरी मुळात तो धर्माचा आहे. कारण जेथे एकाची वस्तू दुसऱ्याच्या हाती क्षणभर का होईना विसावते, तेथे ठेव उत्पन्न होते, आणि जेथे ठेव उत्पन्न होते तेथे विश्वास, जबाबदारी व खयानत या तिन्हींची शक्यता तिच्याबरोबरच जन्मास येते.

गेल्या शतकाच्या आठव्या दशकात, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाच्या लेखनप्रणालीत मजकूर उचलण्याच्या व चिकटवण्याच्या क्रियांना जे सुटसुटीत रूप दिले, त्याचीच संतती आज प्रत्येकाच्या बोटांखाली आहे. पुढे रूढ झालेल्या क्लिपबोर्डावर दीर्घकाळ एका वेळी एकच वस्तू राहत असे. नवी आली की जुनी पुसली जाई, आणि यंत्र बंद झाले की तीही नाहीशी होई. या विस्मृतीला उणीव मानून ती दूर करण्याचे प्रयत्न पुढे झाले. पण गरजेपुरतेच घ्यावे आणि काम सरताच सोडून द्यावे, हा जो अपरिग्रह पतंजलींनी यमांमध्ये सांगितला, तो त्या जड यंत्राच्या ठायी कोणी न शिकवता नांदत होता, हे विसरता येत नाही.

आता ती स्थिती राहिलेली नाही. २०१६ साली अ‍ॅपलने एका यंत्रावर कॉपी केलेले दुसऱ्यावर पेस्ट करण्याची सोय दिली. २०१८च्या ऑक्टोबरातील आवृत्तीत विंडोजने क्लिपबोर्डास इतिहास दिला आणि तो कंपनीच्या सर्व्हरमार्गे आपल्या इतर संगणकांवर पाठविण्याची मुभाही दिली. सोय खरी आहे, आणि तिचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. परंतु तिचा एक साधा परिणाम जवळून पाहावा. मुलगी पुण्यात नोकरीस आहे आणि आई साताऱ्यास. तपासणीत साखर फार वाढलेली निघाली, तुझ्या बाबांना इतक्यात कळू देऊ नकोस, असे आईने कळविले. मुलीने डॉक्टरांना विचारण्यासाठी ती दोन वाक्ये रात्री घरच्या संगणकावर कॉपी केली. कचेरीतल्या संगणकावरही तिने आपले तेच खाते उघडलेले आहे, आणि मजकूर आपोआप पाठविण्याची सूचना तिने केव्हातरी मान्य केलेली आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर बसून कोणी सहकाऱ्याने विंडोज आणि व्ही ही बटणे एकत्र दाबली, तर जी पंचवीसपर्यंत नोंदींची यादी उघडते तीत, एका बिलाचा क्रमांक आणि एका ग्राहकाचा पत्ता यांच्या मधोमध, आईचे ते गुपित उभे असेल. येथे कोणी चोरी केली नाही, कुलूप फोडले नाही. तरीही एका स्त्रीने आपल्या लेकीच्या पदरात टाकलेली गोष्ट परक्याच्या दृष्टीस पडली.

आपल्या धर्मशास्त्राने ठेवीचा विचार फार बारकाईने केलेला आहे, आणि तो या प्रश्नाला इतका लागू पडतो की त्याचा परामर्श घेतल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आणि तिच्यावर विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिलेल्या मिताक्षरेत ठेवींचे प्रकार वेगळे काढलेले आहेत. जी वस्तू मोजून, दाखवून हवाली केली तो निक्षेप. आणि जी एखाद्या पात्रात बंद करून, मोहोर लावून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती दिली तो उपनिधी, जो जसा दिला तसाच, मोहोरेसह परत केला पाहिजे. याखेरीज अन्वाहित नावाचा एक प्रकार आहे: एकाने विश्वासाने ठेवलेली वस्तू सांभाळणाऱ्याने मालकास पोहोचविण्यासाठी तिसऱ्याच्या हाती द्यावी, तर त्या तिसऱ्यावरही तेच बंधन चालत येते. आणि सर्वांत लक्षणीय नियम असा, की जो कोणी ठेवीचा उपयोग आपल्या इच्छेने स्वतःच्या लाभासाठी करील तो दंडास पात्र आहे, आणि ती ठेव त्याने नफ्यासह परत केली पाहिजे.

या दृष्टीने पाहता, ज्या व्यवस्थेत आपला मजकूर मधल्या सर्व्हरला वाचता येतो तो निक्षेप होय. आणि ज्या व्यवस्थेत तो आपल्याच यंत्रावर कुलूपबंद होऊन निघतो, किल्ली आपल्या दुसऱ्या यंत्रापाशीच असते आणि मधला वाहक केवळ बंद पेटी वाहून नेतो, तो उपनिधी होय. केडीई कनेक्ट या मुक्त प्रणालीत तर मधला वाहकच उरत नाही. घरच्या जाळ्यावरील दोन यंत्रे एकमेकांची किल्ली पडताळून परस्पर व्यवहार करतात. हा भेद केवळ तांत्रिक सोयीचा नाही. राजाने नेलेल्या, दैवाने गेलेल्या किंवा चोरांनी लुबाडलेल्या ठेवीची भरपाई सांभाळणाऱ्यावर नाही, असे त्याच प्रकरणात म्हटले आहे; आणि सरकारी हुकूम व चोरी याच वाटांनी सर्व्हरावरची गुपिते आजही बाहेर पडत असल्यामुळे, अशा वेळी वाहकाला दोषमुक्त ठरवून मालकाच्या हाती काहीच लागत नाही. ज्याला पेटी उघडताच येत नाही, त्याच्यापाशी राजाला देण्याजोगे आणि चोराने नेण्याजोगे फारसे काही राहत नाही, एवढाच काय तो खरा उपाय. म्हणून प्रामाणिक वाहकाचा मोठेपणा आपण वाचणार नाही अशी हमी देण्यापेक्षा, वाचण्याचे सामर्थ्यच स्वतःकडे न ठेवण्यात आहे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की तसे असेल तर विश्वासाचे प्रयोजनच संपले. जे काम सज्जनपणाने व्हायचे ते गणिताने केले. परंतु गणिताने विश्वास नाहीसा होत नाही, तो आपली जागा बदलतो. केन टॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले, की एखाद्या प्रणालीचा मूळ मजकूर अक्षरन् अक्षर तपासला तरी तो मजकूर यंत्रभाषेत उतरविणाऱ्या कंपायलरमध्येच घात दडलेला असू शकतो, आणि त्या कंपायलरला तपासणारा पुन्हा दुसऱ्या कशावर तरी विसंबलेला असतो. आपल्या दर्शनांना ही अडचण नवी नाही. ज्ञानाचे प्रामाण्य दुसऱ्या ज्ञानाने ठरते असे नैयायिकांनी म्हटले, तेव्हा मीमांसकांनी त्यांच्यावर अनवस्थेचा दोष ठेवला, कारण मग त्या दुसऱ्याला तिसरे आणि तिसऱ्याला चौथे लागणार. आणि मीमांसकांनी स्वतः असे प्रतिपादिले, की बाधक समोर येईपर्यंत ज्ञान आपल्या बळावरच प्रमाण मानावे. न्यायकुसुमांजलीत उदयनाचार्यांनी शंकेलाही सीमा घालून दिली: जेथे शंका घेणाऱ्याचे स्वतःचे आचरणच त्याच्या शंकेला खोटे पाडते, तेथे शंका थांबते. या विचारातून मला एक व्यवहार्य मार्ग दिसतो. बाधक दिसेपर्यंत विश्वास ठेवणे हे भोळेपण नव्हे; पण बाधक दिसू शकेल अशी वाट मोकळी ठेवणे हे विश्वास मागणाऱ्याचे कर्तव्य आहे. २०२० साली आयफोनच्या चौदाव्या प्रणालीने, एखादे अ‍ॅप दुसरीकडून कॉपी केलेला मजकूर घेते आहे, अशी सूचना पडद्यावर दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा कितीतरी नामांकित अ‍ॅपे उघडताक्षणीच क्लिपबोर्ड वाचत असल्याचे सामान्य माणसाच्या प्रथमच नजरेस आले. विश्वासघात त्या दिवशी झाला नव्हता. तो त्या दिवशी दिसला.

इथवर मी वाहकाच्या धर्माविषयी बोललो; परंतु या विषयाचे मर्म मला वाहकापाशी दिसत नाही, ते आपल्यापाशी दिसते. माझ्याजवळ लपविण्याजोगे काही नाही, असे जो म्हणतो तो आपल्या क्लिपबोर्डावर सारे आपलेच असते असे गृहीत धरतो. वस्तुतः आपण जे कॉपी करतो त्यातले बरेचसे दुसऱ्याचे असते: मित्राचा पत्ता, वडिलांच्या बँकेचा सांकेतिक अंक, कोणाचे कबुलीपत्र, कोणाच्या आजाराचे नाव. या सर्वांचे आपण मालक नाही, सांभाळणारे आहोत. साताऱ्याच्या आईने विश्वास टाकला तो मुलीवर, कंपनीवर नव्हे; आणि मुलीने आपल्या नावाने दिलेली संमती आईच्या गुपितावर चालत नाही.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आणि राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदाचा अंगभूत भाग ठरविला; २०२३च्या कायद्याने व्यक्तिगत माहिती राखणाऱ्या संस्थांवर बंधने घातली. पण एखादी व्यक्ती आपल्या खासगी वा घरगुती कामासाठी जी माहिती हाताळते, तिला तो कायदा लागू नाही, आणि तसे असणे युक्तही आहे, कारण घराघरांत शिरणारा कायदा खासगीपणाचे रक्षण करण्याऐवजी त्याचाच भंग करील. मात्र यामुळे घरातल्या वर्तनाची सर्व जबाबदारी धर्मबुद्धीवर येते, आणि ती तिने उचललीच पाहिजे.

उचलणे म्हणजे काय, हे स्पष्ट आहे. सर्व काही आपोआप धाडण्याची सूचना मान्य न करता जे पाठवायचे तेवढे हाताने निवडून पाठवावे. दुसऱ्याचे गुपित उचलले असेल तर काम होताच यादीतून पुसावे. ज्या यंत्रावर आपल्याखेरीज कोणी बसते त्यावर आपले खाते जोडलेले ठेवू नये. आणि वाहक निवडायचाच असेल तर पेटी उघडू न शकणारा निवडावा. यांतील एकही गोष्ट अवघड नाही, आणि यांतील एकीचीही सक्ती आपल्यावर कोणी करणार नाही. मोठमोठ्या कंपन्यांकडे आपण जी निष्ठा मागतो, ती मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला याच छोट्या दक्षतेने मिळतो; कारण दुसऱ्याची ठेव जो स्वतः मोहोरेसह परत करतो, त्यालाच आपली ठेव तशी परत मागता येते.