आगाऊ पैशांची वीज: मीटरचा खर्च आणि दराचा हिशेब

प्रीपेड वीज मीटर म्हणजे आधी पैसे आणि मग वीज. ग्राहकाने भरलेली रक्कम मीटरच्या खात्यावर जमा होते, वापराप्रमाणे ती रोज वळती होत जाते आणि शून्यावर आली की पुरवठा थांबतो. वीज वापरून झाल्यावर बिल भरण्याची जुनी पद्धत इथे पूर्ण उलटी होते. या उलटापालटीचा खर्च किती आणि तो कोणाच्या माथी बसतो, हे मात्र दरपत्रकात एका जागी कुठेच लिहिलेले नसते.

भारतात या मीटरचा मोठ्या प्रमाणावर प्रसार 2021 साली जाहीर झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून सुरू झाला. देशभरात 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणे हे तिचे उद्दिष्ट होते. मीटरमागे केंद्राचे अनुदान किमतीच्या 15 टक्के, पण सर्वसाधारण राज्यांसाठी कमाल 900 रुपये, असे ठरले. 15 टक्क्यांचे 900 रुपये होतात ते 6,000 रुपयांच्या मीटरवर. महाराष्ट्रात 2023 साली महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटे सुमारे 27,000 कोटी रुपयांना दिली, म्हणजे एका मीटरला सरासरी 12,000 रुपये. मुंबईत बेस्टने सुमारे 10 लाख 80 हजार मीटरसाठी केलेला सुमारे 1,300 कोटींचा करारही भागाकार केल्यास त्याच आकड्याशी येऊन थांबतो. ज्या किमतीवर अनुदानाची मर्यादा बेतलेली दिसते, तिच्या दुप्पट किंमत प्रत्यक्ष निविदांतून निघाली.

या 12,000 रुपयांत नुसता भिंतीवरचा डबा नाही. मीटरमधून माहिती पाठवणारी यंत्रणा, सर्व्हर, सॉफ्टवेअर, बिघडलेले मीटर बदलणे, करारकाळातील देखभाल आणि कंत्राटदाराने उभ्या केलेल्या भांडवलावरचे व्याज हे सारे त्यात येते. मीटर कंत्राटदार स्वतःच्या पैशाने बसवतो आणि वितरण कंपनी त्याला दर मीटरमागे दरमहा ठरावीक रक्कम देत राहते. ग्राहकाकडून बसवताना एक रुपयाही घेतला जात नाही, म्हणून जाहिरातीत ‘मोफत’ हा शब्द वापरता येतो. पण कंपनी जो खर्च करते तो तिच्या वार्षिक महसुली गरजेत धरला जातो, आणि ती गरज वीज नियामक आयोग दरांतूनच भागवतो. अनुदान वजा जाता उरलेले 11,100 रुपये दहा वर्षांत, म्हणजे 120 महिन्यांत, वाटले तर महिन्याला साडेब्याण्णव रुपये होतात. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराकडून ते थेट वसूल केले असते, तर युनिटमागे 92 पैशांचा बोजा पडला असता. प्रत्यक्षात खर्च सगळ्या विक्रीवर पसरतो, कारखान्यांवरही पडतो, त्यामुळे युनिटमागचा आकडा बराच लहान दिसतो. लहान दिसतो, नाहीसा होत नाही.

कंपन्यांची बाजू अशी की हा खर्च बचतीतून भरून निघेल: रीडिंग घेणाऱ्यांचा खर्च वाचेल, सरासरीवर काढलेली बिले बंद होतील, चोरी पकडता येईल, थकबाकी उरणार नाही. युक्तिवाद पोकळ नाही. रोहित्रावर बसवलेला मीटर आणि त्याखालच्या घरांचे मीटर यांची बेरीज रोज जुळवता आली, तर गळती कुठे होते ते खरोखरच कळते. मात्र महाराष्ट्रात थकबाकीचा सर्वांत मोठा हिस्सा कृषिपंपांचा आहे, आणि कृषी ग्राहक प्रीपेडच्या योजनेतून वगळलेले आहेत. जिथे पैसे अडकले आहेत तिथे हे यंत्र जाणार नाही आणि जिथे बहुतेक लोक मुकाट्याने बिल भरतात तिथे ते आधी बसणार, ही विसंगती वीज ग्राहक संघटनांनी वेळोवेळी दाखवून दिली. अपेक्षित बचत आणि प्रत्यक्ष खर्च एकाच दरयाचिकेत शेजारीशेजारी मांडून दाखवणे हे कंपनीचेच काम आहे. ते झाल्याखेरीज ‘खर्च आपोआप निघेल’ या वाक्याला आश्वासनापलीकडे किंमत नाही.

मीटरच्या किमतीनंतर प्रश्न येतो उधारीचा. जुन्या पद्धतीत ग्राहक महिनाभर वीज उधार वापरतो आणि बिल आल्यावर आणखी काही दिवसांनी पैसे देतो. या उधारीला तारण म्हणून कंपनीकडे सुरक्षा ठेव असते. महाराष्ट्रात ती साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याज मिळते. 2003 च्या वीज कायद्यातील कलम 47 नुसार, प्रीपेड मीटरवर वीज घेण्यास तयार असलेल्या ग्राहकाकडून अशी ठेव मागता येत नाही. महिन्याला 1,500 रुपये बिल येणाऱ्या घराला प्रीपेडवर गेल्यास सुमारे 3,000 रुपये परत मिळायला हवेत.

त्याच घराची दुसरी बाजूही मोजता येते. वापर आणि भरणा यांच्यातले अंतर पूर्वी सरासरी महिनाभराहून थोडे अधिक होते. आता महिन्यातून एकदा रिचार्ज केला, तर पैसे सरासरी पंधरा दिवस आधी जातात. म्हणजे भरणा सुमारे पन्नास दिवस अलीकडे सरकला. 1,500 रुपयांवर नऊ-दहा टक्क्यांनी पन्नास दिवसांचे व्याज वीस रुपयांच्या आसपास होते. उत्तर प्रदेशात प्रीपेड ग्राहकांना 2 टक्के सवलत आहे. त्या हिशेबाने 30 रुपये मिळतात. पगारदार घराला हा सौदा तोट्याचा नाही, ठेव हाती आली तर उलट फायद्याचाच. मात्र तुलना वेळेवर पैसे भरणाऱ्याशी करायला हवी. महाराष्ट्रात बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरणाऱ्या पोस्टपेड ग्राहकालाही 1 टक्का सूट मिळत आली आहे. महिना वापरून झाल्यावर आठवड्याने भरणाऱ्याला 1 टक्का आणि वापरण्याआधीच भरणाऱ्याला 2 टक्के, असा फरक असेल तर त्याला औदार्य म्हणता येत नाही.

प्रीपेडबद्दलची सर्वांत मोठी तक्रार ‘पैसे भराभर उडतात’ ही आहे. मीटर पळतो, असा त्यावरून निष्कर्ष काढला जातो. सदोष मीटर असतातच, पण बऱ्याचदा कारण दराच्या टप्प्यांत असते. महावितरणच्या 2024-25 च्या घरगुती दरपत्रकात पहिल्या 100 युनिटचा वीज आकार 4 रुपये 71 पैसे होता आणि 101 ते 300 युनिटचा 10 रुपये 29 पैसे. त्यावर युनिटमागे 1 रुपया 17 पैसे वहन आकार, महिन्याचा स्थिर आकार आणि एकूण रकमेवर 16 टक्के वीज शुल्क. रोज पाच युनिट वापरणाऱ्या घराने याच दराने प्रीपेड वीज घेतली असती, असे धरून चालू. स्थिर आकार सव्वाशे रुपये मानला आणि इंधन समायोजन बाजूला ठेवले, तर पहिले वीस दिवस खात्यातून रोज साधारण 39 रुपये गेले असते. एकविसाव्या दिवशी 100 युनिटची मर्यादा संपते आणि त्याच पंख्याला, त्याच फ्रिजला रोजचे 71 रुपये पडू लागतात. महिन्याचे एकूण सुमारे 1,490 रुपये, बिलातही तेवढेच आले असते. पण बिलात ही उडी बेरजेत दडते, रिचार्जमध्ये ती उघडी पडते, आणि पडते ती नेमकी महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत, पगार संपत आलेला असताना. टप्प्यांची मर्यादा दिवसागणिक वाटून देणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. रोजच्या सुमारे सव्वातीन युनिटांना कमी दर आणि पुढच्यांना चढा दर लावला की कपात सारखी राहते. मात्र मग गावाला गेलेल्या घराचे न वापरलेले स्वस्त युनिट पुढच्या दिवसांत जमा धरायचे की नाही, हे नियमात स्पष्ट लिहावे लागते.

स्थिर आकाराचेही असेच आहे. घर बंद असले तरी तो रोज चार-साडेचार रुपयांनी खात्यातून जातच राहतो. ब्रिटनमध्ये या दैनंदिन आकाराचा अनुभव जुना आहे. तिथे सुमारे 40 लाख घरे प्रीपेड मीटरवर आहेत आणि त्यांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे प्रमाण मोठे आहे. शिल्लक संपून मीटर बंद पडला तरी दैनंदिन आकार साचत राहतो. चार दिवसांनी रिचार्ज केला की त्यातला काही भाग आधी मागची बाकी खाऊन टाकते, जुन्या थकबाकीचे हप्तेही त्यातूनच कापले जातात. वर तिथे प्रीपेडचा दर बँकेतून परस्पर पैसे भरणाऱ्यांपेक्षा वर्षानुवर्षे महाग होता, कारण दुकानांतून रिचार्ज विकण्याचा आणि वेगळी यंत्रणा चालवण्याचा खर्च त्याच ग्राहकांवर टाकलेला होता. 2017 साली प्रीपेड दरावर कमाल मर्यादा आली. थकबाकीदारांच्या घरात न्यायालयीन वॉरंट घेऊन जबरदस्तीने मीटर बसवण्याचे प्रकार उजेडात आल्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये ते थांबवावे लागले. जुलै 2023 पासून जादा दराचा भार सरकारी मदतीने उतरवण्यात आला आणि एप्रिल 2024 पासून नियामकाने तो खर्च सर्व ग्राहकांत वाटून दिला. गरीब जास्त दर मोजतो, हे मान्य करून ते दुरुस्त करायला एका श्रीमंत देशाला इतका काळ लागला.

जोहान्सबर्गमध्ये उलटे घडले. तिथे प्रीपेड ग्राहकांना अनेक वर्षे मासिक स्थिर आकार नव्हता आणि म्हणून लोक त्या मीटरकडे वळले. जुलै 2024 पासून नगरपालिकेच्या वीज कंपनीने त्यांच्यावर कराव्यतिरिक्त 200 रँडचा मासिक आकार बसवला. सुरुवातीची सवलत कायमची नसते, हे 2 टक्क्यांचा हिशेब मांडताना भारतीय ग्राहकानेही ध्यानात ठेवावे असे आहे.

ज्याची किंमत रुपयांत मांडणे सर्वांत अवघड, तो भाग पुरवठा तुटण्याचा. वीज कायद्याच्या कलम 56 नुसार बिल थकले तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय कंपनीला वीज तोडता येत नाही. वायरमनला दारात यावे लागते, ग्राहकाला विनवणी करता येते, हप्ते मागता येतात. केंद्राच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांनी प्रीपेडसाठी वेगळी वाट काढली: आगाऊ रक्कम संपल्यावर पुरवठा आपोआप थांबेल आणि त्याला वीज तोडणे मानले जाणार नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने 2009 मध्ये सोवेटोतील प्रीपेड पाणी मीटरच्या खटल्यात असाच निर्णय दिला होता. शिल्लक संपल्यावर पाणी थांबणे हा तात्पुरता खंड आहे, तोडणी नव्हे, म्हणून नोटिशीची गरज नाही. कायद्याने संरक्षण काढून घेतले की त्याच्या जागी काय दिले, हे तपासणे ओघानेच येते. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पुरवठा न थांबवणे, शिल्लक संपत आल्याची सूचना, थोडी उसनी मर्यादा अशा तरतुदी उपयोगी आहेत. ज्या घरात ऑक्सिजनचे यंत्र चालते त्या घराला त्या पुरेशा नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाला शंभर-शंभर रुपयांनी वीज घेता येणे हे एकरकमी दीड हजारांच्या बिलापेक्षा सोयीचे असते, हेही खरेच. फक्त ती सोय त्याने स्वतः निवडलेली असावी.

महाराष्ट्रात हा पर्याय जनतेने आंदोलनांतून मिळवला. जून 2024 मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असे तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. पुढे तसेच मीटर ‘टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर’, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारे मीटर, म्हणून घरोघर बसू लागले, पण बिल महिनाअखेरच येते. जुलै 2025 पासून या मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत देण्यात आली. यातून एक गोष्ट व्यवहारातच सिद्ध झाली: तासागणिक मोजणी, गळतीचा शोध, दुरून रीडिंग यांपैकी कशालाही आगाऊ पैशांची गरज नाही. प्रीपेड ही मीटरची नव्हे, वसुलीची पद्धत आहे.

राज्याने ती सोडली तर गमावण्यासारखे मुख्यतः केंद्राचे अनुदान आहे, कारण ते प्रीपेड पद्धतीशी जोडलेले आहे. सव्वादोन कोटी मीटरवर 900 रुपयांप्रमाणे ते 2,025 कोटी होते. दहा वर्षांत वाटल्यास दर ग्राहकामागे महिन्याला साडेसात रुपये. नोटीस, उधारी आणि पंधरा दिवसांची सवड एवढ्या किमतीला राखता येतात.