बाहेरचा

आमच्या बोईसरच्या शाळेच्या कुंपणापाशी निलगिरीची दोन झाडे आहेत. परवा मधल्या सुटीत त्यांच्याखाली दोन मुलांची जुंपली. एकाने दुसऱ्याला ‘बाहेरचा’ म्हटले होते. भांडण मी मिटवले. तो शब्द मात्र डोक्यातून जाईना.

बाहेरची तर ती झाडेही आहेत. ऑस्ट्रेलियातला हा वृक्ष १८४३ च्या सुमारास निलगिरी पर्वतावर सरपणासाठी लावला गेला आणि डोंगराचेच नाव त्याला चिकटले. त्याच्यावर आरोप पुष्कळ. पाणी फार पितो, खाली गवत वाढू देत नाही, सावली देत नाही. आरोप खोटे नाहीत. पण परकेपण हाच गुन्हा म्हणावा, तर घोलवडचा चिकू तरी कुठे इथला? तो मध्य अमेरिकेकडचा. तरी २०१६ साली त्याला या मातीच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले!

मग फरक कुठे पडला? चिकूला आपण वीस-बावीस हात जागा दिली, त्याच्या म्हातारपणाची फळे खाल्ली. निलगिरी चार-पाच हातांवर दाटीने लावली आणि सात-आठ वर्षांत वाशा-बल्ल्यांसाठी तोडली. तिच्याच कुळातली एक जात टास्मानियाच्या थंड, ओलसर दऱ्यांत, खोल मातीत तीनशे फूट उंच जाते. शे-दीडशे वर्षांनी तिच्या बुंध्यात ढोल्या पडतात आणि त्यांत घुबडे, काकाकुवे संसार थाटतात. आपल्याकडे ढोली पडेपर्यंत निलगिरी ठेवली कोणी? जिच्याकडे फक्त वेग मागितला, तिने माया दिली नाही म्हणून रुसायचे कशाला?

माणसांचेही असेच नाही का? तारापूरला १९६९ साली अणुवीजकेंद्र सुरू झाले. पुढे कारखाने आले, कामगार आले. त्यांच्याकडे आपण काम मागितले. ओळख मागितली नाही. आणि पोफरण-अक्करपट्टीची माणसे तर इथलीच. केंद्राच्या विस्तारासाठी त्यांना गाव सोडून दुसरीकडे वसावे लागले. ‘इथला’ हा शब्दही काही कायमचा नसतो.

एक कबुली द्यायची राहिली. सामाजिक वनीकरणाच्या त्या दिवसांत याच शाळेचा विद्यार्थी असताना ही रोपे लावणाऱ्या पोरांत मीही होतो. कोणते झाड, कोणत्या मातीत, हे आम्ही विचारले नाही. आता ती तोडावीत असे घाटते आहे. पाणी पिण्याचा दोष झाडाचा असेल. जागा चुकल्याचा दोष आमचा आहे. म्हणून मी एवढेच म्हणणार आहे, की नवी निलगिरी लावू नका. पण या दोघींना म्हाताऱ्या होऊ द्या.