फळा का काढलात?

लॅपटॉप मिटा. सगळ्यांनी. आता ऐका.

वॉर्डातल्या सिस्टरांसाठी अ‍ॅप बनवलंत आणि पहिल्याच पानावर लिहिलंत, ‘आता फळ्याची गरज नाही’. त्या फळ्यापाशी तुमच्यापैकी कोण उभं राहिलं होतं? ड्यूटी बदलताना दोघी तिथे थांबतात. एक जण पेशंटच्या नावावर बोट ठेवते, दुसरी म्हणते, ‘सहा नंबरचं सलाइन संपत आलंय’, आणि शेजारून जाणाऱ्या डॉक्टरांच्याही ते कानावर पडतं. तुम्ही ही नोंद उचलून प्रत्येकीच्या खिशातल्या मोबाइलमध्ये कोंडलीत. आता दुसरीला काय माहीत आहे, हे पहिलीला दिसणारच नाही. रात्री तीन वाजता गफलत झाली, तर ठपका तुमच्यावर नाही, त्या सिस्टरवर येईल. एवढा तरी विचार करायचा होता!

संशोधक एडविन हचिन्स यांचं १९९५ सालचं पुस्तक सत्राच्या सुरुवातीलाच दिलं होतं. उघडलं कोणी? त्यात एक प्रसंग आहे. अमेरिकी नौदलाचं जहाज सान दिएगो बंदरात शिरत असताना वाफेचा दाब गेला आणि दिशा दाखवणारा जायरोकंपासही बंद पडला. मग किनाऱ्यावरच्या प्रत्येक खुणेची दिशा काढायला चार-चार आकड्यांची बेरीज हाताने करावी लागली. नकाशावर रेघा मारणारा आणि नोंदवही सांभाळणारा, दोघेही चुकत होते, एकमेकांना अडवत होते. बऱ्याच रेघा मारून झाल्यावर त्यांच्यात कामाची वाटणी बसली. ती कोणीही आधी आखलेली नव्हती.

विमानाचं उदाहरणही त्यांनीच दिलंय. उतरतानाचे वेग विमानाच्या वजनाप्रमाणे बदलतात. वैमानिक ते डोक्यात धरून बसत नाहीत. वेगमापकाच्या कडेवर सरकत्या खुणा लावून ठेवतात. काटा खुणेशी आला की दोघांनाही एकदमच दिसतं. ती तबकडी त्यांच्या स्मरणाचा भाग आहे. फळाही तसाच होता. तुम्हाला तो अडगळ वाटला, कारण तुम्ही एक माणूस आणि एक स्क्रीन एवढंच पाहिलंत. मी तीन महिने शिकवूनही तुम्ही एवढंच पाहावं, याचा मला राग आहे.

गुण आज देणार नाही. सोमवारी सकाळी ड्यूटी बदलायच्या आधी सगळे वॉर्डात हजर राहा. मोबाइल बंद, हातात वही. सिस्टरांना मध्ये एकही प्रश्न विचारायचा नाही; नुसतं बघायचं आणि लिहायचं.